उकिरड्याचे रान झाले

बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो, असे आपल्याकडे म्हणतात. मुंबईत धारावीजवळच्या एका उकिरड्याला मात्र १७ वर्षे लागली, आणि तो पांग आपोआप फिटला नाही.

तुमच्या गावचे कोणी ना कोणी धारावीत नाहीतर शीवला असेलच. त्याच्या घरी गेलात तर काय दिसते? दहा बाय दहाची खोली, वर माळा, दारात पाण्याचे पिंप, आणि गल्ली एवढी अरुंद की समोरून माणूस आला तर एकाने अंग चोरावे. अडीच चौरस किलोमीटरही भरणार नाही अशा जागेत काही लाख माणसे राहतात. अंगण नाही, पार नाही. तुळस लावायची तीही डालडाच्या डब्यात.

त्याच धारावीसमोर, शीव-वांद्रे जोडरस्त्याच्या पलीकडे, मिठी नदीच्या काठी ३७ एकरांचे रान उभे आहे. नाव महाराष्ट्र निसर्ग उद्यान. १९७७ पर्यंत तिथे मुंबईचा कचरा पडत असे. पुढे निसर्गप्रेमी मंडळींच्या आग्रहाने तिथे झाडे लावायचे काम निघाले आणि १९९४ साली उद्यान लोकांना खुले झाले.

तुम्ही म्हणाल, उकिरड्यावर झाड वाढले यात नवल ते काय? उकिरडा म्हणजे खतच की! पण घोटाळा इथेच आहे. आपल्या उकिरड्यात शेण, गोठ्यातला काडीकचरा, चुलीतली राख. वर्षाने उकरला की काळेभोर खत. शहराच्या उकिरड्यात काच, पत्रा, चिंध्या, प्लॅस्टिक. ते कुजतच नाही. जे कुजते ते ढिगाखाली हवेवाचून कुजते आणि त्यातून वायू निघतो, आपल्या गोबरगॅसमध्ये जळतो तोच. तो मुळांजवळची हवा हुसकून लावतो, रोप गुदमरते. शिवाय ढीग वर्षानुवर्षे खचत राहतो. म्हणून अशा जागी आधी वरून माती पसरावी लागते, मग चिवट, देशी झाडे लावून त्यांचा पाला तिथेच कुजू द्यावा लागतो. स्वच्छतेच्या नावाखाली पाला झाडून जाळला, की सगळे मुसळ केरात.

पाण्यासाठी छपरावरचे पावसाचे पाणी टाकीत साठवायची सोयही तिथे केलेली आहे.

एक काळजी मात्र आहे. मिठीपलीकडे वांद्रे-कुर्ला संकुलाच्या काचेच्या इमारती आहेत आणि तिथल्या जमिनीचे भाव ऐकून आपण गप्पच बसावे. धारावीचा पुनर्विकास निघाला तेव्हा हे रानही त्यात जाईल की काय, या धास्तीने प्रकरण मुंबई उच्च न्यायालयापर्यंत गेले. एवढ्या दाटीतल्या मुलांना झाडाखाली बसायला दुसरी जागा ती कुठली!

शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात पेशंट घेऊन जाणारी आपली माणसे दिवस दिवस जिन्यात बसून काढतात. तिथून हे रान फार लांब नाही. थोडे शुल्क भरून आत जाता येते, रोपवाटिकेत रोपेही विकत मिळतात. गेलात तर माळ्याला एवढे जरूर विचारा, की कचऱ्यावर आधी कोणत्या झाडाने तग धरला. आपल्या ओढ्याकाठीही आता प्लॅस्टिकचे ढीग साठू लागलेच आहेत.