गोष्ट खोटी, भीती खरी

२०१८ च्या जून महिन्याचा अखेरचा आठवडा होता. पेरण्या चालू होत्या, शाळा नुकत्याच उघडल्या होत्या आणि माझ्या दवाखान्यात ताप-जुलाबाच्या रुग्णांची गर्दी होती. त्या गर्दीत जवळच्या खेड्यातील एक माता आपल्या नऊ वर्षांच्या मुलाला घेऊन आली. चार दिवसांपासून त्याचे पोट दुखत होते, शाळेचे नाव काढताच त्याला मळमळू लागे, आणि कित्येक वर्षांनी तो पुन्हा अंथरूण ओले करू लागला होता. मी त्याला तपासले. पोट मऊ होते, ताप नव्हता, लघवीची तपासणीही निर्दोष आली. घरात काही घडले का, असे विचारताच आईने मोबाइल माझ्यापुढे धरला.

“डॉक्टरसाहेब, लेकरं पळवणारी टोळी आली म्हणते इकडं. किडन्या काढते म्हणते. खरं हाय का जी?”

मी म्हणालो, “खोटं आहे ते. पुसून टाका.” आणि पुढच्या रुग्णाला हाक मारली.

ते घाईतले उत्तर पुरेसे नव्हते, हे मला त्याच आठवड्याच्या शेवटी उमगले. १ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातील राईनपाडा येथे आठवडी बाजार भरला होता. बहुतांशी सोलापूर जिल्ह्यातून भिक्षेसाठी आलेले पाच पुरुष तेथे पोहोचले. ते नाथपंथी डवरी गोसावी या भटक्या समाजाचे होते. मुले पळवणाऱ्या टोळीची कथा त्या भागातील मोबाइलमध्ये आधीच फिरत होती. त्यांच्यापैकी एक जण एका लहान मुलीशी बोलताना दिसला, एवढे निमित्त जमावाला पुरले. पाचही जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन ठेचून मारण्यात आले. पुढे खटला चालला, आरोपींना जन्मठेपेच्या शिक्षाही झाल्या. पण पाच घरांतली माणसे परत आली नाहीत.

वाचकहो, ही कथा आली कुठून? त्या काळात देशभर फिरलेल्या एका चित्रफितीत दुचाकीवरील दोघे जण रस्त्यावर खेळणाऱ्या मुलाला उचलून नेताना दिसत. ती मुळात पाकिस्तानातील कराची येथील एका संस्थेने बालसुरक्षेच्या जागृतीसाठी तयार केली होती. मूळ फितीच्या शेवटी तेच दुचाकीस्वार मुलाला परत आणून सोडतात आणि पालकांना सावध करणारा फलक दाखवतात. हा शेवट कुणीतरी कापून टाकला. मृत मुलांची काही छायाचित्रेही ‘किडन्या काढलेली मुले’ म्हणून पसरवण्यात आली. ती सीरियात २०१३ मध्ये झालेल्या विषारी वायूच्या हल्ल्यातील होती. अभिनय एका देशातला, प्रेते दुसऱ्या देशातली, आणि त्यावर आपल्या बोलीतला आवाज. अशा रीतीने ती भयकथा आपल्या गावची झाली.

किडनी अशी चोरता येते का?

त्या दिवशी आईला जे समजावून सांगायला हवे होते, ते आता सविस्तर सांगतो. मूत्रपिंड काढून दुसऱ्याच्या शरीरात बसवणे ही काही तासांची मोठी शस्त्रक्रिया असते. तिच्यासाठी निर्जंतुक शस्त्रक्रियागृह, शल्यविशारद, भूलतज्ज्ञ आणि प्रशिक्षित परिचारिका लागतात. त्यापूर्वी रक्तगट जुळवावा लागतो, ऊती जुळतात का ते पाहावे लागते आणि रुग्णाचे रक्त दात्याच्या पेशींना विरोध करते का याची चाचणी करावी लागते. काढलेले मूत्रपिंड विशिष्ट द्रावात, थंड ठेवावे लागते आणि तेही मर्यादित वेळच टिकते. शेतातल्या झोपडीत किंवा चालत्या गाडीत मुलाचे पोट फाडून काढलेला अवयव कोणाच्याही उपयोगाचा नसतो.

किडनीचा बेकायदा व्यवहार होतच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. १९९४ चा मानवी अवयव प्रत्यारोपण कायदा त्यासाठीच करावा लागला. परंतु अशा व्यवहारात सामान्यतः कर्जाने पिचलेल्या प्रौढांना पैशांचे आमिष दाखवले जाते, खोटे नातेसंबंध कागदोपत्री उभे केले जातात आणि शस्त्रक्रिया रुग्णालयातच होते. झोळी घेऊन दारोदार फिरणाऱ्या भिक्षेकऱ्याचा त्याच्याशी काहीही संबंध नसतो.

मग शहाणी माणसेही का फसतात?

भीती वाटली की मेंदूतील धोक्याची सूचना देणारे केंद्र आधी जागे होते. अॅड्रिनलीन रक्तात उतरते, हृदय धडधडू लागते, स्नायू ताणले जातात. शरीर पळण्यासाठी किंवा लढण्यासाठी सज्ज होते. सारासार विचार करणाऱ्या मेंदूच्या भागाला काही क्षण मागे सारले जाते. वाघ समोर असेल तर ही व्यवस्था जीव वाचवते. मोबाइलच्या पडद्यावर खोटा वाघ असला, तरी शरीर तीच सज्जता करते. त्या मुलाचे पोट खरोखरच दुखत होते. कथा खोटी असली तरी भीती खरी होती. आणि एकाच वेळी शंभर माणसे अशा अवस्थेत असली, तर प्रत्येकाला दुसऱ्याच्या चेहऱ्यावरची भीती हाच पुरावा वाटू लागतो.

याशिवाय आणखी एक गोष्ट आहे, आणि ती मान्य करताना मला संकोच वाटतो. “झोप, नाहीतर बुवा येईल. झोळीत घालून नेईल,” असे आपणच पिढ्यानपिढ्या मुलांना सांगत आलो. मीही माझ्या मुलांना सांगितले आहे. झोळीवाल्याची भीती आपल्या घरात पाळण्यापासून रुजलेली होती. मोबाइलने तिला फक्त चित्र आणि आवाज दिला.

कथा काल्पनिक आहे हे ठाऊक असूनही

दुसऱ्या प्रकारची घटना परदेशातील आहे. पालकांनी ती अवश्य जाणून घ्यावी, कारण तीत अफवा नव्हती, उघड कल्पित कथा होती. २००९ मध्ये अमेरिकेतील एरिक नुडसन याने इंटरनेटवरील एका स्पर्धेसाठी छायाचित्रांत फेरफार करून ‘स्लेंडर मॅन’ नावाचे पात्र निर्माण केले. उंच, काळ्या पोशाखातला, चेहरा नसलेला माणूस. हजारो हौशी लेखकांनी त्याच्या भयकथा रचल्या आणि लाखो मुलांनी त्या मनोरंजन म्हणून वाचल्या. ३१ मे २०१४ रोजी विस्कॉन्सिन राज्यातील वॉकेशा येथे बारा वर्षांच्या दोन मुलींनी आपल्याच मैत्रिणीला जंगलात नेऊन चाकूचे १९ वार केले. तसे केले नाही तर तो आपल्या कुटुंबीयांना मारील, असे त्यांना वाटत होते. जखमी मुलगी सरपटत रस्त्यापर्यंत आली, एका सायकलस्वाराला दिसली आणि सुदैवाने वाचली.

दोघींपैकी एकीला बालवयातच स्किझोफ्रेनिया झाला असल्याचे नंतर निष्पन्न झाले. दुसरी तिच्या भ्रमात सहभागी झाली होती. मानसिक आजारामुळे न्यायालयाने दोघींना गुन्ह्यासाठी जबाबदार धरले नाही आणि दीर्घ मुदतीसाठी मनोरुग्णालयात पाठवले. भयकथेमुळे स्किझोफ्रेनिया होत नाही. परंतु जे मन आधीच आजारी आहे, त्याला ती एक चेहरा आणि एक आज्ञा पुरवू शकते. इतक्या लहान वयात हा आजार अत्यंत विरळा असतो. म्हणूनच तो लक्षात येत नाही.

घरात काय करावे

भीती दाखवणारा संदेश आला की प्रथम मोबाइल खाली ठेवावा. पाणी प्यावे, दहा मिनिटे जाऊ द्यावीत. मग विचारावे: गाव कोणते, तारीख कोणती, पोलीस ठाणे कोणते? उत्तर नसेल तर तो पुढे पाठवू नये. राईनपाड्याच्या घटनेनंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पाठवता येईल अशी मर्यादा घातली. उरलेली मर्यादा आपणच आपल्या अंगठ्याला घालावयाची आहे.

अनोळखी व्यक्तीविषयी शंका आली तर गर्दी जमवू नये. ११२ वर पोलिसांना कळवावे आणि ते येईपर्यंत त्या व्यक्तीला सुरक्षित बसवावे. हे शक्य असते. राईनपाड्याच्याच दिवशी मालेगावात दोन वर्षांच्या बाळासह एका कुटुंबाला असाच जमाव घेरून बसला होता. एका रहिवाशाने त्यांना आपल्या घरात आसरा दिला, पोलीस पोहोचले आणि ते कुटुंब वाचले. तेथेही कथा तीच होती. फरक एका उघडलेल्या दाराचा होता.

मूल घाबरले असेल तर त्याची थट्टा करू नये. त्याने काय पाहिले, काय ऐकले, ते शांतपणे विचारावे आणि ते चित्र कसे बनवले गेले असेल हे त्याच्यासोबत बसून उलगडावे. झोपण्यापूर्वी भयकथा आणि मोबाइल दोन्ही दूर ठेवावेत. भीती काही आठवड्यांनंतरही ओसरली नाही, मूल एकलकोंडे झाले, अभ्यासात एकाएकी मागे पडले, तर डॉक्टरांना दाखवावे. कोणी नसताना आवाज ऐकू येतात, कथेतले पात्र आज्ञा देते, असे ते सांगू लागले किंवा स्वतःला वा इतरांना इजा करण्याविषयी बोलू लागले, तर त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञांकडे न्यावे. टेली-मानस ही शासनाची विनामूल्य सेवा १४४१६ या क्रमांकावर दिवसरात्र उपलब्ध आहे. ‘लोक काय म्हणतील’ या विचाराने गेलेले महिने परत मिळत नाहीत.

जुलैच्या पहिल्या आठवड्यात ती माता मुलाला घेऊन पुन्हा आली. या वेळी मी घाई केली नाही. औषधाच्या चिठ्ठीच्या मागे मूत्रपिंडाचे चित्र काढले, ते पाठीकडे कुठे असते ते त्याच्याच अंगावर बोट ठेवून दाखवले, आणि ते कोणी का नेऊ शकत नाही हे सांगितले. तो मन लावून ऐकत होता. दूरदर्शन संचावर त्याने धुळ्याची बातमी पाहिली होती. उठताना त्याने विचारले, “मग त्या बाबाईनं काय केलं होतं?”

“काहीच नाही,” मी म्हणालो.

आईने मान खाली घातली. मीही घातली.