पंधरा अक्षरांची पकड

थ्रॉम्बिन हे रक्त गोठवणारे प्रथिन. त्याला घट्ट धरून त्याचे काम रोखणारा डीएनएचा एक तुकडा १९९२ साली प्रसिद्ध झाला. त्याची लांबी फक्त १५ न्यूक्लिओटाइड. हा धागा स्वतःभोवती दुमडतो, ग्वानिनचे चौकोनी थर एकावर एक बसतात आणि त्या घडीतूनच पकड येते. अशा तुकड्यांना ॲप्टॅमर म्हणतात.

मात्र रक्तातील विकरे साध्या डीएनएचा लवकरच चुरा करतात. पुण्यात पाषाणच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत डॉ. वैजयंती कुमार आणि सहकाऱ्यांनी याच तुकड्याचा कणा बदलून पाहिला. साखरेच्या तिसऱ्या कार्बनऐवजी दुसऱ्या कार्बनवरून जोड घेतला. असा अनोळखी जोड विकरांना सहजी दाद देत नाही. एवढा बदल करूनही ॲप्टॅमर कामाचा राहिला, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

पण मुळात असा तुकडा सापडतो कसा? १९९० मध्ये अमेरिकेत क्रेग ट्युर्क व लॅरी गोल्ड, आणि स्वतंत्रपणे अँड्र्यू एलिंग्टन व जॅक शोस्टाक यांनी वाट दाखवली. शंभर लाख कोटींच्या घरात वेगवेगळे तुकडे घ्यायचे, लक्ष्य रेणूवर सोडायचे, न चिकटलेले धुऊन टाकायचे, उरलेल्यांच्या प्रती काढायच्या आणि पुन्हा तेच. परीक्षानळीत अशा आठ-दहा किंवा अधिक फेऱ्या होतात. त्यात आठवडे, कधी महिने जातात.

इथे सूक्ष्मप्रवाही चिप उपयोगी पडते. केसाइतक्या रुंद वाहिनीत द्रव खळखळत नाही, थराथरांनी सरळ वाहतो. त्यामुळे धुण्याचा जोर नेमका ठरवता येतो: सैल चिकटलेले तुकडे वाहून जातात, घट्ट बसलेले राहतात. लक्ष्य रेणूही अगदी थोडा पुरतो. २००९ मध्ये कॅलिफोर्नियातील टॉम सो यांच्या गटाने अशाच चिपवर चुंबकीय मणी वापरून बोट्युलिनम विषाला धरणारे ॲप्टॅमर एकाच फेरीत निवडले.

रेणूला धरण्याचे हेच काम करणाऱ्या प्रतिपिंडांसाठी प्राणी किंवा जिवंत पेशी लागतात. ॲप्टॅमर मात्र रसायनांतून तयार होतो. डोळ्याच्या पडद्याच्या विकारावरील ॲप्टॅमर औषधाला अमेरिकेत २००४ मध्येच मान्यता मिळाली.

सूक्ष्म वाहिन्यांची विद्याही पाषाणला आहे. याच प्रयोगशाळेतील डॉ. अमोल कुलकर्णी यांनी सूक्ष्म रासायनिक भट्ट्यांत, म्हणजे मायक्रोरिॲक्टरमध्ये, अखंड वाहत्या द्रवातून रसायने बनवण्याचे काम केले. २०२० चा भटनागर पुरस्कार त्यांना मिळाला. डीएनएसारख्या न्यूक्लिइक आम्लांचे रसायनशास्त्र आणि प्रवाहाचे अभियांत्रिकी शास्त्र एकाच आवारात रुजलेली आहेत. संशोधनाचा विषय शोधणाऱ्या पुण्यातील विद्यार्थ्यांनी या दोहोंच्या सांध्याकडे जरूर वळावे.