घरातल्या वापरलेल्या सुया : टाकायच्या कुठे?



विज्ञान प्रदर्शनात सिरिंजचा जेसीबी आपण सगळ्यांनीच पाहिलाय. मागच्या वर्षी चौथीच्या मुलांना मीच सांगितलं, "घरातल्या टाकाऊ सिरिंज घेऊन या." दुसऱ्या दिवशी एका मुलीने कंपासपेटीतून आजीची इन्सुलिनची सिरिंज काढली. लाल टोपणाची, सुईसकट. माझ्या पोटात गोळाच आला. चूक तिची नव्हती, माझी होती.

मग मी पालकसभेत विचारलं, की इन्सुलिन घेणाऱ्यांच्या घरी सुया कुठे जातात? बहुतेकांचं उत्तर एकच: कचऱ्याच्या पिशवीत. ती पिशवी पुढे घंटागाडीवरच्या ताई-दादा हाताने उघडतात, कचरा वेगळा करतात. बऱ्याचदा हातमोजे नसतात. सुई टोचली तर हिपॅटायटिस बी, सी किंवा एचआयव्हीचा संसर्ग होऊ शकतो. त्यातला हिपॅटायटिस बीचा विषाणू तर शरीराबाहेर किमान 7 दिवस तग धरतो. म्हणजे सुई वाळली म्हणून ती बिनधोक झाली, असं नाही.

2016 च्या घनकचरा व्यवस्थापन नियमांत वापरलेल्या सुया-सिरिंज 'घरगुती घातक कचरा' या गटात होत्या. ओल्यात नाही आणि सुक्यातही नाही.

घरी करायचं काय? फिनेल किंवा लिक्विड डिटर्जंटची जाड प्लास्टिकची, फिरकीच्या झाकणाची रिकामी बाटली घ्या. पाण्याची पातळ बाटली नको, सुई आरपार जाते. इंजेक्शन झालं की सिरिंज लगेच त्या बाटलीत टाका. टोपण परत लावत बसू नका, बोटाला टोचतं ते बहुधा त्याच वेळी. सुई वाकवू किंवा मोडूही नका. इन्सुलिन पेनची सुई मात्र मोठं बाहेरचं टोपण लावून, फिरवून काढावी लागते. बाटली पाऊण भरली की झाकण घट्ट लावून चिकटपट्टी गुंडाळा आणि वर ठळक लिहा: 'वापरलेल्या सुया, उघडू नका'.

मग ती द्यायची कुठे? जवळचा दवाखाना, प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा रक्त तपासणाऱ्या लॅबमध्ये आधी विचारा. त्यांच्याकडचा असा कचरा वेगळा जातो. सगळेच घेतील असं नाही, एक-दोन ठिकाणी नकार मिळेल. नाहीच जमलं तर घंटागाडीवाल्यांना सांगून, बाटली वेगळी हातात द्या. चुलीत जाळणं, परसात पुरणं किंवा संडासात टाकणं, यातलं काहीच नको.

आणि मुलांना एवढं शिकवाच: रस्त्यात सुई दिसली तर हात लावायचा नाही, मोठ्यांना सांगायचं. टोचलीच तर लपवायचं नाही. (मुलं ओरड्याच्या भीतीने लपवतात, म्हणून आधी आपणच रागवायचं नाही.) बोट चोखू नये, दाबून रक्त काढू नये. वाहत्या पाण्याखाली साबणाने धुवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. एचआयव्ही प्रतिबंधाची औषधं लागणार असतील, तर ती जितक्या लवकर आणि जास्तीत जास्त 72 तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. मुलाचं हिपॅटायटिस बीचं लसीकरण झालंय का, हे लसीकरण कार्डावर आजच बघून ठेवा.

जेसीबी आम्ही केलाच. मेडिकलमधून नव्या सिरिंज आणल्या, सुया मी घरीच काढून बाटलीत टाकल्या, आणि मुलांच्या हातात दिल्या त्या फक्त नळ्या.