गोड बोरासाठी बी नको, डोळा भरा



बोराचा हंगाम संपत आला की एक प्रश्न हमखास येतो. "पाहुण्यांनी जळगावचं मेहरूण बोर आणलं होतं. बिया जपून ठेवल्या आहेत, लावू का?"

लावा, झाड येईल. पण त्याला मेहरूणच लागेल याची खात्री नाही. बोरीच्या फुलावर दुसऱ्या झाडाचा पराग येतो. बीला आई माहीत असते, बाप माहीत नसतो. जातिवंत बोर हवी तर त्या झाडाचा डोळाच आणला पाहिजे.

आता हा डोळा मिळणेच अवघड झाले आहे. मेहरूण हे जळगावजवळचे गाव आज शहरात सामावले आहे आणि बोरींची बरीच जागा घरांनी घेतली. फळ गोड, पण उमराणपेक्षा लहान. बाजारात उठाव मोठ्या फळाला, म्हणून रोपवाटिकेत उमराण किंवा अॅपल बोर पुढे केले जाते. मी स्वतः फसलो आहे. एका रोपवाटिकेतून मेहरूण म्हणून 10 कलमे आणून एका शेतकऱ्याच्या धुऱ्यावर लावून दिली. तिसऱ्या वर्षी फळ आले ते मोठे, फिके, भलतेच. त्या भावाने मला बोल लावला नाही, पण पुढे सल्ला विचारायलाही आला नाही.

तेव्हा चिठ्ठीवर विसंबू नका. जानेवारीत फळ झाडावर असताना झाड पाहा, बोर चाखा, खोडाला चुन्याचा पट्टा ओढा आणि मालकाशी बोलून ठेवा. जळगावला जाणे जमत नसेल तर आपल्याच गावात पाहा. कोणती बोर साखरेसारखी, हे गुराखी पोरांना बरोबर ठाऊक असते! तिचे डोळेही तितकेच मोलाचे. झाड जंगलातले असेल तर ग्रामसभेला विचारूनच काड्या घ्या.

निवडलेल्या झाडाच्या काही फांद्या एप्रिलमध्ये छाटून घ्याव्यात, म्हणजे जूनमध्ये नव्या फुटीवर टपोरे डोळे मिळतात. काडी कापताच पाने काढावीत, देठ मात्र ठेवावेत. ओल्या गोणपाटात गुंडाळून आणल्यास काड्या दोन-तीन दिवस टिकतात, त्याहून जास्त भरवसा नाही.

खुंट विकत आणायची गरज नाही. आपल्या बरड जमिनीवर गावठी बोरी आपोआप उगवतात. बोरीचे सोटमूळ खोल जाते, उपटून लावलेले रोप बहुधा मरते. म्हणून जागेवरच्या झाडावर काम करावे. स्वतःच्या शेतातली गावठी बोर मार्च-एप्रिलमध्ये जमिनीपासून दीड-दोन फुटांवर कापावी. जोमदार असे एक-दोन फुटवे राखून बाकीचे काढावेत. जून-जुलैपर्यंत ते पेन्सिलीएवढे जाड होतात.

अशा फुटव्याच्या सालीवर इंग्रजी टी अक्षरासारखा छेद घ्यावा. काडीवरून ढालीच्या आकाराची साल डोळ्यासह काढून छेदात सरकवावी आणि प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट बांधावी. डोळा मात्र उघडा ठेवावा. आपल्याकडे पावसाची झड लागली की छेदात पाणी शिरून डोळा कुजतो. उघडीप पाहूनच हात घाला. पंधरा-वीस दिवसांनी देठाला बोट लावावे. देठ सहज गळून पडला तर डोळा धरला. वाळून चिकटून राहिला तर तो गेला, दुसरा भरा. डोळा फुटल्यावर त्याच्या वरचा खुंट कापून टाकावा.

"कलम रानटी झालं" अशी तक्रार पुष्कळ येते. कलम रानटी होत नसते. डोळ्याच्या खालून गावठी फूट येते, ती जोराने वाढते आणि वरचा डोळा उपाशी मरतो. पहिली दोन वर्षे दर पंधरा दिवसांनी खालची फूट खुडत जा. शेळ्यांपासून राखायला काट्यांची आळी कराच.

फळ दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी दिसू लागते. बोर नव्या फुटीवरच धरते, म्हणून दरवर्षी उन्हाळ्यात छाटणी हवी. फळे वाटाण्याएवढी असताना पांढरी भुरी दिसली तर पाण्यात मिसळणारे गंधक 10 लिटर पाण्यात 25 ग्रॅम घेऊन फवारावे. फळमाशीने किडलेली, गळलेली बोरे झाडाखाली राहू देऊ नयेत, वेचून खोल पुरावीत.

डोळा भरताना पहिल्यांदा हात कापतो, माझाही कापत होता. आधी चार-दोन रानफुटव्यांवर सराव करा. प्रत्यक्ष पाहायचे असेल तर चंद्रपूरकरांनी सिंदेवाहीच्या आणि गडचिरोलीकरांनी सोनापूरच्या कृषी विज्ञान केंद्रात मे महिन्यातच चौकशी करावी.