करोल बागेतली जुनी बुलेट की नवी पेगासस?

करोल बागेच्या नाईवाला गल्लीत सेकंडहँड बुलेट बघताना मन आधी जुन्या कास्ट आयर्न इंजिनाकडेच ओढलं जातं. उजव्या पायाचा गिअर, डीकॉम्प्रेसर दाबून अ‍ॅमीटरचा काटा मधोमध आणून मारलेली किक आणि तो संथ ठोका, हे नव्या गाडीत नाहीच. तरी दिल्लीत राहणाऱ्याने बुलेटच्याच कंपनीची २०१८ ची मर्यादित आवृत्ती, क्लासिक ५०० पेगासस, घ्यावी, असं माझं ठाम मत आहे. जगभरात १००० गाड्या, त्यातल्या २५० भारतात आणि प्रत्येकीच्या टाकीवर तिचा क्रमांक. शिवाय दिल्लीत पेट्रोल गाडीला १५ वर्षांची मर्यादा आहे. कास्ट आयर्नवाल्या बहुतेक गाड्यांनी ती कधीच ओलांडली. पेगाससला निदान २०३३ पर्यंत मुभा आहे.

"इंजिन तर साध्या क्लासिक ५०० चंच, मग जादा पैसे कशाला?" हा आक्षेप खरा आहे. पण त्याचाच फायदा होतो: सुटे भाग साध्या क्लासिकचेच चालतात. जपायचा तो फक्त रंग आणि टाकी. म्हणून टाकी पुन्हा रंगवलेली असेल तर जादा पैसे देऊ नका, आणि चेसिस नंबर आरसीशी स्वतः ताडून बघा.