चिंतामणराव देशमुख : रिझर्व्ह बँकेतून संसदेत

जालन्यातल्या स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासिकांमध्ये सी. डी. देशमुख हे नाव एका ओळीत पाठ होतं : रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर, मग अर्थमंत्री, मग राजीनामा. एवढ्या मोठ्या कारकिर्दीला एक ओळ पुरत नाही आणि राहिलेल्या जागेत गैरसमज भरतात. देशमुख रोह्याकडचे, कोकणातले. पण त्यांच्या काळातल्या निर्णयांचा मराठवाड्याशीही जवळचा संबंध आहे, म्हणून हे गैरसमज दूर व्हायला हवेत.

गैरसमज : ते रिझर्व्ह बँकेचे पहिले गव्हर्नर होते.
वस्तुस्थिती : ते पहिले भारतीय गव्हर्नर. १९३५ मध्ये बँक सुरू झाल्यापासून ऑस्बोर्न स्मिथ आणि जेम्स टेलर यांनी हे पद सांभाळलं होतं. देशमुख ऑगस्ट १९४३ ते जून १९४९ या काळात गव्हर्नर होते. महायुद्धातली महागाई आणि फाळणीनंतरची चलनाची वाटणी त्यांच्याच काळातली. बँक सुरुवातीला खासगी भागधारकांची होती. ती १ जानेवारी १९४९ रोजी सरकारच्या मालकीची झाली, तेव्हाही गव्हर्नर तेच होते.

गैरसमज : ते मुळातच बँकिंगमधले.
वस्तुस्थिती : केंब्रिजला ते निसर्गविज्ञान शिकले आणि वनस्पतिशास्त्राचं पारितोषिक त्यांनी मिळवलं. पुढे आयसीएसच्या परीक्षेत पहिले आले आणि मध्य प्रांत-वऱ्हाडात अधिकारी म्हणून रुजू झाले. रिझर्व्ह बँकेत ते १९३९ मध्ये आले, वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी. संस्कृतवर त्यांचं इतकं प्रेम की कालिदासाचं ‘मेघदूत’ त्यांनी मराठी पद्यात आणलं.

गैरसमज : नेहरूंनी त्यांना थेट मंत्री केलं, ते लोकांतून कधी आलेच नाहीत.
वस्तुस्थिती : १९५० मध्ये जॉन मथाई यांच्यानंतर त्यांच्याकडे अर्थखातं आलं, तेव्हा सार्वत्रिक निवडणुका झालेल्याच नव्हत्या. १९५२ मध्ये त्या झाल्या आणि देशमुख काँग्रेसच्या तिकिटावर कुलाब्यातून, म्हणजे आजच्या रायगडातून, लोकसभेवर निवडून गेले.

गैरसमज : सरकारी बँकांचा काळ १९६९ मध्ये सुरू झाला.
वस्तुस्थिती : १९६९ मध्ये इंदिरा गांधींनी चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं, हे खरं. पण १ जुलै १९५५ रोजी इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली, तेव्हा अर्थमंत्री देशमुख होते. बँक खेड्यापर्यंत नेणं हा त्यामागचा मोठा हेतू होता. जालना तेव्हा हैदराबाद राज्यात होता. तिथे निजामाचा हाली सिक्का भारतीय रुपयाच्या जोडीनं चाले आणि सात हाली रुपये म्हणजे सहा भारतीय रुपये असा हिशेब होता. तिथल्या हैदराबाद स्टेट बँकेची १९५६ च्या कायद्यानं स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली. मराठवाड्यात सर्वांच्या तोंडी असलेली ‘हैदराबाद बँक’ ती हीच. २०१७ मध्ये ती स्टेट बँकेत विलीन झाली.

गैरसमज : मराठी-गुजराती अशा द्वैभाषिक मुंबई राज्याला विरोध म्हणून त्यांनी राजीनामा दिला.
वस्तुस्थिती : ही चूक सगळ्यात जास्त आढळते. १६ जानेवारी १९५६ रोजी नेहरूंनी आकाशवाणीवरून मुंबई केंद्रशासित राहील असं जाहीर केलं. मराठी माणसाला मुंबई महाराष्ट्रात हवी होती. मुंबई पेटली, पोलिसांच्या गोळीबारात माणसं मेली. तीनच दिवसांनी, १९ जानेवारीला, देशमुखांनी त्याच आकाशवाणीवरून आयुर्विमा व्यवसाय सरकार ताब्यात घेत असल्याची घोषणा केली. पुढे आयुर्विमा महामंडळ उभं राहिलं ते यातूनच. मन अस्वस्थ असतानाही हातातलं काम त्यांनी टाकलं नाही. पण मुंबईचा निर्णय त्यांना मान्य नव्हता. त्याच महिन्यात त्यांनी राजीनामा पंतप्रधानांकडे दिला आणि जुलैत ते मंत्रिमंडळातून बाहेर पडले. निर्णय ज्या पद्धतीनं झाला ती पद्धत आणि गोळीबाराची न्यायालयीन चौकशी नाकारणं, या दोन्हींवर त्यांनी लोकसभेत उघड बोट ठेवलं. द्वैभाषिक मुंबई राज्याचा निर्णय त्यानंतर, ऑगस्टमध्ये झाला. मराठवाड्यासह जालना १ नोव्हेंबर १९५६ रोजी त्या राज्यात आला.

गैरसमज : राजीनाम्यानंतर ते विस्मृतीत गेले.
वस्तुस्थिती : १९५६ ते १९६१ ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष होते. नंतर दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू झाले. १९५९ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. १९६९ ची राष्ट्रपतिपदाची निवडणूक त्यांनी लढवली आणि तिसऱ्या क्रमांकावर राहिले. १९७५ मध्ये पद्मविभूषण मिळालं. २ ऑक्टोबर १९८२ रोजी हैदराबादला त्यांचं निधन झालं.

अधिकारी होण्याची स्वप्नं पाहणाऱ्या मुलामुलींनी ही कारकीर्द तारखांसकट समजून घ्यावी. गव्हर्नर म्हणून देशमुखांना मतदारांपुढे जायचं नव्हतं. खासदार झाल्यावर मात्र ज्यांनी निवडून दिलं त्यांची बाजू मांडणं त्यांनी मंत्रिपदापेक्षा मोठं मानलं. विद्वत्ता पुष्कळांकडे असते. वेळ आली तेव्हा खुर्ची सोडून कारण सभागृहात सांगण्याचं धैर्य त्यांच्याकडे होतं, आणि त्यांचा खरा मोठेपणा तोच.