मुखत्यारपत्र नेमके तेव्हाच संपते

मुलगा परदेशात, फ्लॅट कोथरूडला आणि कपाटात नोंदणी केलेले कुलमुखत्यारपत्र. पुण्यातल्या अनेक घरांत एवढ्यावर निश्चिंती असते. वडिलांना उद्या स्मृतिभ्रंश झालाच, तर मुलगा सही करेल, असा हिशेब.

तो चुकतो. भारतीय करार कायदा, 1872 च्या कलम 201 नुसार मुखत्यारपत्र देणाऱ्याचे मन निर्णयक्षम राहिले नाही, की मुखत्याराचा अधिकारही संपतो. ज्या दिवसासाठी कागद केला, त्याच दिवशी तो निकामी! इंग्लंडमध्ये अशा अवस्थेतही टिकणारे मुखत्यारपत्र करता येते. आपल्याकडे ती सोय नाही.

मालमत्तेसाठी व्यवस्थापक नेमण्याची तरतूद 1987 च्या मानसिक आरोग्य कायद्यात होती. त्याच्या जागी आलेल्या 2017 च्या कायद्यात ती उरली नाही. त्यामुळे आईच्या ठेवीतून आईच्याच औषधांचा खर्च करण्यासाठी मुलांना उच्च न्यायालयाचे दार ठोठवावे लागते. मुंबई उच्च न्यायालयाने अशा प्रकरणांत मुलांना पालक नेमले आहे. पण त्यासाठी वकील हवा, वैद्यकीय अहवाल हवा आणि वेळही.

मात्र निदान झाले म्हणजे सहीचा हक्क गेला, असे नाही. घरचे लोक इथे फार घाई करतात. सुरुवातीच्या टप्प्यात अनेकांना आपली मालमत्ता आणि आपली माणसे नीट कळतात. अशा वेळी केलेले मृत्युपत्र वैध ठरते. दोन साक्षीदार लागतात, नोंदणी सक्तीची नाही. त्याच दिवशीचा डॉक्टरांचा दाखला जोडला, तर पुढे भावंडांत वाद झाल्यास तो उपयोगी पडतो. पण मृत्युपत्र लागू होते मृत्यूनंतर. हयातीतल्या व्यवहारांसाठी काही कुटुंबे खासगी ट्रस्ट करतात, कारण विश्वस्ताचा अधिकार मुखत्याराप्रमाणे संपत नाही. खर्च आणि मुद्रांक शुल्क आधी वकिलाकडून समजून घ्यावे.

उपचारांबाबत कायदा अधिक उदार आहे. 2017 च्या कायद्यातील मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृतीचा गंभीर बिघाडही येतो. पुढे कोणते उपचार हवेत, कोणते नकोत, हे आधीच लिहून ठेवता येते. आपल्या वतीने बोलणारा प्रतिनिधीही नेमता येतो. अखेरच्या आजारात केवळ जीव लांबवणारे उपचार नाकारण्याचे 'लिव्हिंग विल' सर्वोच्च न्यायालयाने 2018 मध्ये मान्य केले. तेव्हा त्यासाठी न्यायदंडाधिकाऱ्याची सही लागे. जानेवारी 2023 पासून दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी पुरेसे आहेत.